समान अट, निराळे वायू

(एका विज्ञानशिक्षकाच्या स्मृतिप्रीत्यर्थ दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत होते. म्हणून संयोजकांनी विषयाची मोकळीक दिली तेव्हा शालेय पुस्तकातलाच विषय घ्यायचा असे मी ठरवले. वायूंच्या नियमातली ‘समान तापमानाला आणि समान दाबाला’ ही अट आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाठ केली आहे. नियमाचा मुख्य भाग लक्षात राहतो आणि ही अट गळून पडते, असा आपला सगळ्यांचाच अनुभव असेल. माझे आजचे म्हणणे असे की, खरी गोम या अटीतच आहे. या अटीच्या काटेकोर पालनातून एक अख्खे मूलद्रव्य सापडले. स्वयंपाकघरातली आपली सुरक्षितता याच अटीवर उभी आहे. आणि हवामानबदलाच्या वादात रोज जे आकडे एकमेकांच्या अंगावर फेकले जातात, त्यांचा खरेखोटेपणाही इथेच ठरतो.

वायूची तुलना अवघड का?

लोखंडाचा एक तुकडा मुंबईत मोजा किंवा महाबळेश्वरला मोजा, त्याचा आकार बदलत नाही. वायूचे तसे नाही. समुद्रसपाटीवर एक लिटरच्या बाटलीत जेवढी हवा मावते, तिच्यापेक्षा महाबळेश्वरच्या उंचीवर त्याच बाटलीत सुमारे १५ टक्के कमी हवा असते, कारण तिथे हवेचा दाबच तेवढा कमी असतो. शून्य अंशाचा वायू तीस अंशांवर नेला तर तो सुमारे ११ टक्क्यांनी फुगतो. म्हणजे ‘एक लिटर ऑक्सिजनचे वजन किती?’ या प्रश्नाला खरे तर उत्तरच नाही. किती तापमानाचा, किती दाबाखालचा, हे सांगितले की मगच त्याला उत्तर मिळते.

ही अडचण एकदा ओळखली की मात्र वायू फार उपकारक ठरतात. पाणी, तेल आणि पारा सारख्याच तापमानाला ठेवले तरी त्यांच्यात काही समान सापडत नाही. वायूंमध्ये सापडते. गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०८ मध्ये दाखवले की, वायूंचा रासायनिक संयोग साध्या पूर्णांकांच्या प्रमाणात होतो: दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन मिळून दोन लिटर पाण्याची वाफ. हे इतके नीटनेटके कसे, याचे उत्तर इटलीतल्या अव्होगाद्रोने १८११ मध्ये दिले. तापमान समान, दाब समान आणि आकारमान समान असेल, तर वायू कोणताही असो, रेणूंची संख्या समान असते. या विधानाकडे रसायनशास्त्रज्ञांनी जवळजवळ पन्नास वर्षे काणाडोळा केला. १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहे इथे युरोपभरचे रसायनशास्त्रज्ञ जमले, तिथे कानिझारोने अव्होगाद्रोचा पक्ष मांडला, आणि त्यानंतर अणुभारांचा गोंधळ हळूहळू निवळला.

अव्होगाद्रोच्या विधानाचा व्यवहारातला अर्थ फार सोयीचा आहे. रेणू डोळ्यांना दिसत नाहीत, एकेकटा तोलता येत नाही. पण सारख्या भांड्यांत, सारख्या अटींखाली दोन वायू भरले आणि तोलले, तर वजनांचे गुणोत्तर हेच रेणूंच्या वजनांचे गुणोत्तर. शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाब या अटींखाली एक लिटर हायड्रोजनचे वजन ०.०९ ग्रॅम, हेलियमचे ०.१८, मिथेनचे ०.७२, नायट्रोजनचे १.२५, हवेचे १.२९, ऑक्सिजनचे १.४३, आर्गॉनचे १.७८, कार्बन डायऑक्साइडचे १.९८ आणि क्लोरीनचे ३.२ ग्रॅम. ही यादी ध्यानात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

अर्थात हा नियम अगदी तंतोतंत लागू पडत नाही. एका मोलचे आकारमान पुस्तकात २२.४ लिटर दिलेले असते. प्रत्यक्षात हायड्रोजनचे २२.४३, कार्बन डायऑक्साइडचे २२.२६ आणि अमोनियाचे सुमारे २२.०८ भरते. ज्या रेणूंना एकमेकांची ओढ जास्त, ते जरा जवळ सरकतात. व्हॅन डर वाल्सने १८७३ मध्ये आपल्या प्रबंधात या ओढीचा आणि रेणूंनी व्यापलेल्या जागेचा हिशेब समीकरणात बसवला. म्हणजे समान अटींखाली उरणारा लहानसा फरकसुद्धा फुकट जात नाही. तो रेणूंविषयी काहीतरी सांगत असतो.

अकरा मिलिग्रॅम

आता ज्या प्रसंगासाठी मी हा विषय घेतला तिकडे वळतो. लॉर्ड रॅले हे इंग्लंडमधले एसेक्सचे जमीनदार आणि पहिल्या प्रतीचे भौतिकशास्त्रज्ञ. टर्लिंग इथल्या आपल्या घरातच त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती. सगळ्या मूलद्रव्यांचे अणुभार हायड्रोजनच्या अणुभाराच्या पूर्ण पटीत असतात काय, हा जुना प्रश्न त्यांना निकालात काढायचा होता, आणि त्यासाठी वायूंच्या घनता पूर्वी कोणी मोजल्या नसतील इतक्या बारकाईने मोजायच्या होत्या.

वायू तोलायचा कसा, हे जरा जवळून पाहू. सुमारे १.८ लिटरचा काचेचा गोल चंबू घ्यायचा. आधी तो निर्वात करून तोलायचा, मग वायू भरून तोलायचा. दोन वजनांतला फरक म्हणजे वायूचे वजन, सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. ऐकायला सोपे आहे. पण आर्किमिडीजचा नियम इथे आडवा येतो. चंबू स्वतः हवेत बुडालेला आहे आणि भोवतालची हवा त्याला वर उचलून धरते आहे. ही उचल किती? चंबूने बाजूला सारलेल्या हवेच्या वजनाइतकी, म्हणजे तीही सव्वादोन ग्रॅमच्या आसपास! जे मोजायचे, तेवढीच मोठी बाधा. शिवाय ही बाधा हवामानाबरोबर बदलते. सकाळी दाब जास्त, दुपारी ऊन वाढले, संध्याकाळी हवा दमट झाली, की आकडे हलले.

यावर पॅरिसच्या रेन्योने १८४०च्या दशकात एक झकास युक्ती काढली होती. तराजूच्या दुसऱ्या बाजूला त्याच आकारमानाचा, बंद केलेला जुळा चंबू टांगायचा. आता हवामान बदलले तरी दोन्ही चंबूंवरची उचल सारखीच बदलते आणि तराजूला तिचा पत्ता लागत नाही. समान अट अशी डोक्यात नुसती मानून चालत नाही, ती उपकरणात बांधून काढावी लागते. रॅलेंनी ही युक्ती घेतली आणि तिच्यातली एक उणीवही दाखवून दिली. चंबू निर्वात केला की बाहेरच्या हवेच्या दाबाने तो किंचित आकसतो, म्हणजे त्याच्यावरची उचल किंचित कमी होते. रेन्योने हे धरले नव्हते. रॅलेंनी तेही धरले. चंबू भरताना तो बर्फात पुरून शून्य अंशांवर आणायचा, दाब पाऱ्याच्या दाबमापकावर वाचायचा, असा सगळा कडेकोट बंदोबस्त.

एवढे झाल्यावर त्यांनी नायट्रोजन तोलायला घेतला. हवेतून ऑक्सिजन, ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड काढून टाकला की उरतो तो नायट्रोजन, असे तेव्हा सगळेच मानत. तो चंबूत भरला. मग खात्रीसाठी दुसऱ्या मार्गाने, अमोनियाच्या साहाय्याने नायट्रोजन केला. दोन्ही वजने जुळायला हवी होती. जुळली नाहीत. अमोनियाच्या वाटेने आलेला वायू हजारात एक भागाने हलका भरला.

हजारात एक! दुसऱ्या कोणी सरासरी काढली असती आणि पुढे गेला असता. रॅलेंनी सप्टेंबर १८९२ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात पत्र छापून रसायनशास्त्रज्ञांना जाहीरपणे विचारले की, याचे कारण कोणी सुचवील काय? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, फरक झाकायच्या ऐवजी तो वाढवता येतो का, ते पाहिले. अमोनियाच्या पद्धतीत त्यांनी आधी हवाच वापरली होती, त्यामुळे मिळालेला बराचसा नायट्रोजन हवेतलाच होता. आता हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन घेतला, म्हणजे सगळा नायट्रोजन अमोनियातून आला. फरक हजारात एकवरून दोनशेत एक झाला.

पुढची दोन वर्षे त्यांनी शंका एकेक करून निकालात काढल्या. रासायनिक नायट्रोजनमध्ये हलका हायड्रोजन राहून गेला असेल? मुद्दाम हायड्रोजन मिसळून पाहिला, शुद्धीकरणात तो निघून जात होता. हवेच्या नायट्रोजनमध्ये ऑक्सिजन उरला असेल? एवढा फरक पडायला त्याचे प्रमाण सुमारे तीसात एक भाग लागले असते, आणि तेवढा ऑक्सिजन लपून राहत नाही. रासायनिक नायट्रोजनचे काही रेणू फुटून सुटे अणू झाले असतील? वायू आठ महिने साठवून पुन्हा तोलला, वजन तेच. नायट्रोजनही एकाच वाटेने आणला नाही. हवेतला नायट्रोजन तापलेल्या तांब्यावरून, तापलेल्या लोखंडावरून आणि फेरस हायड्रेटमधून असा तीन परींनी केला: चंबूतले वजन २.३१०३, २.३१०० आणि २.३१०२ ग्रॅम. रासायनिक नायट्रोजन नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड आणि अमोनियम नायट्राइट यांपासून केला: २.३००१, २.२९९० आणि २.२९८७ ग्रॅम. पहिले तिन्ही आकडे एका गोटात, दुसरे तिन्ही दुसऱ्या गोटात, आणि मध्ये सुमारे ११ मिलिग्रॅमची दरी. तांदळाच्या एका दाण्याचे वजन याच्या दुपटीच्या आसपास भरेल!

अटी इतक्या घट्ट बांधलेल्या होत्या, म्हणूनच हे ११ मिलिग्रॅम बोलू शकले. तापमानाला, दाबाला, उचलीला, ओलाव्याला दोष देता येत नव्हता. उरला एकच आरोपी, खुद्द वायू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या विल्यम रॅम्झे यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा फिरवला. मॅग्नेशियम नायट्रोजन पिऊन घेते. जो वायू उरत गेला तो अधिकाधिक जड होत गेला, आणि शेवटी हायड्रोजनच्या सुमारे वीसपट घनतेचा, कशाशीच संयोग न करणारा वायू हाती लागला. ऑगस्ट १८९४ मध्ये ऑक्सफर्डला ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात रॅले आणि रॅम्झे यांनी तो जाहीर केला. नाव ठरले आर्गॉन.

हिशेब आपणही करून पाहू. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढल्यावर उरलेल्या वायूत आर्गॉन सुमारे १.२ टक्के असतो. आर्गॉनचा अणुभार ४०, नायट्रोजनचा रेणुभार २८, म्हणजे आर्गॉन सुमारे ४३ टक्क्यांनी जड. १.२ टक्क्यांचे ४३ टक्के म्हणजे अर्धा टक्का, दोनशेत एक भाग. रॅलेंना मिळालेला फरक नेमका हाच.

गंमत अशी की, त्याच्या शंभर वर्षे आधी हे कोणाच्या तरी हाताला लागून सुटले होते. हेन्री कॅव्हेंडिशने १७८५ मध्ये हवेत विजेच्या ठिणग्या पाडून नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडून संपवला, आणि शेवटी एक लहानसा बुडबुडा उरला. नायट्रोजनच्या १२० भागांत एकापेक्षा जास्त नाही, अशी त्याने नोंद केली. तो बुडबुडा मुख्यतः आर्गॉनचा होता. कॅव्हेंडिशची नोंद प्रामाणिक होती, पण तुलनेला दुसरा नायट्रोजन त्याच्यापाशी नव्हता.

आवाजाने सांगितलेली रचना

नवा वायू कशाशीच संयोग करत नाही, मग त्याचा रेणू किती अणूंचा हे कसे कळणार? रसायनशास्त्राची दारे बंद होती. इथे ध्वनी उपयोगी पडला. आडव्या काचनळीत हलकी भुकटी पसरून आत सूर घुमवला, की भुकटीचे ठरावीक अंतरावर ढीग जमतात. या अंतरावरून त्या वायूतला ध्वनीचा वेग निघतो. कुंट या भौतिकशास्त्रज्ञाची ही पद्धत १८६६ची. समान तापमानाला ध्वनीचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: रेणूचे वजन, आणि वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर. नायट्रोजन, ऑक्सिजन अशा द्विअणू वायूंचे हे गुणोत्तर १.४० असते, कारण दिलेली उष्णता काही रेणूच्या पळण्यात आणि काही गरगर फिरण्यात जाते. एकट्या अणूला फिरण्यात उष्णता साठवता येत नाही, सगळी पळण्यातच जाते, आणि गुणोत्तर येते १.६७. कुंट आणि वारबुर्ग यांनी १८७६ मध्ये पाऱ्याच्या वाफेत ते तसेच मोजले होते. आर्गॉनचेही तसेच आले. म्हणजे आर्गॉनचा रेणू एका अणूचाच.

हीच वाट पुढे हेलियमपर्यंत पोचली, आणि इथे महाराष्ट्राचा संबंध येतो. १८ ऑगस्ट १८६८चे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते गुंटूरहून पाहिले. त्याच साली सौरज्वाळांच्या वर्णपटातली एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही, हे नॉर्मन लॉकियर यांनी ठरवले आणि सूर्यावर नवे मूलद्रव्य असल्याचे सुचवले. विजयदुर्ग किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून लॉकियरनी १८६८ साली हेलियम शोधला, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गाला ते आले २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी, आणि तोवर रॅम्झे यांनी १८९५ मध्ये क्लेव्हाइट या खनिजातून पृथ्वीवरचा हेलियम मिळवलाही होता. विजयदुर्गाचा मान मोठा आहे, त्याला चुकीच्या तारखेची गरज नाही.

रॅम्झे यांनी मॉरिस ट्रॅव्हर्स या तरुण सहकाऱ्याबरोबर १८९८ मध्ये क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन शोधले. जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी सल्ला द्यायला १९०० साली भारतात आले ते हेच रॅम्झे. बंगळूरची शिफारस त्यांचीच. आणि त्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले ते हेच ट्रॅव्हर्स. रॅले आणि रॅम्झे दोघांनाही १९०४ची नोबेल पारितोषिके मिळाली, एकाला भौतिकीचे, दुसऱ्याला रसायनाचे.

जड म्हणजे सगळ्याच बाबतीत जड नव्हे

घनतेची यादी हाती आली की वाटते, बाकीचे गुणधर्मही त्याच क्रमाने येतील. काही येतात. समान तापमानाला सगळ्या वायूंच्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा समान असते, म्हणून हलका रेणू वेगाने धावतो आणि जड सावकाश. शून्य अंशांवर हायड्रोजनचा रेणू सेकंदाला सरासरी १.७ किलोमीटर, ऑक्सिजनचा अर्ध्या किलोमीटरहून थोडा कमी. ध्वनीचा वेगही तसाच: हायड्रोजनमध्ये सुमारे १,२८०, हेलियममध्ये ९७०, हवेत ३३१ आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये २५९ मीटर. शाळेत याचे एक सुंदर प्रात्यक्षिक करता येते. लांब काचनळीच्या एका टोकाला अमोनियात भिजवलेला कापूस ठेवा, दुसऱ्या टोकाला हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवलेला. थोड्या वेळात नळीत पांढरे कडे उमटते, आणि ते मधोमध न उमटता आम्लाच्या बाजूला सरकून उमटते. १७ रेणुभाराचा अमोनिया ३६.५च्या हायड्रोजन क्लोराइडपेक्षा जास्त अंतर कापून आलेला असतो.

पण सगळे गुणधर्म या रांगेत उभे राहत नाहीत. वायूची चिकटपणाची मात्रा, म्हणजे श्यानता, घ्या. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, पण त्याची श्यानता हवेपेक्षा कमी. हेलियम हवेच्या सातव्या हिश्शाइतका हलका, पण त्याची श्यानता हवेपेक्षा थोडी जास्तच. मॅक्सवेलने तर सिद्धांतातून त्याहून चमत्कारिक भाकीत काढले होते: वायूची श्यानता दाबावर अवलंबून नसते. त्याचा त्यालाच विश्वास बसेना, म्हणून त्याने पत्नी कॅथरिनच्या मदतीने घरीच प्रयोग केले आणि १८६६ मध्ये ते खरे ठरले. उष्णतावहनात हायड्रोजन हवेच्या सुमारे सातपट पुढे, म्हणून मोठ्या औष्णिक वीजकेंद्रांतली जनित्रे हायड्रोजनने थंड ठेवतात. आर्गॉन हवेच्या दोन-तृतीयांशच उष्णता वाहून नेतो, म्हणून तो दुहेरी काचांच्या खिडक्यांत भरतात. तेव्हा ‘कोणता वायू चांगला’ हा प्रश्न ‘कशासाठी’ विचारल्याशिवाय पुरा होत नाही.

ओटा आणि विहीर

आता घरी येऊ. स्वयंपाकाचा सिलिंडरचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, रेणुभार ४४ आणि ५८. हवेचा सरासरी रेणुभार २९. समान अटींखाली हा गॅस हवेच्या दीड ते दोनपट जड. गळला तर तो जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली साचतो, कोपऱ्यात दबा धरतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन, रेणुभार १६. तो वर चढतो आणि छतापाशी जमतो. म्हणून सिलिंडरच्या खोलीला झरोका जमिनीलगत हवा, पाइपच्या गॅसला वरच्या बाजूला. दोन्ही गॅसना ‘गॅस’ म्हणून एकच नियम लावणे धोक्याचे आहे. वास आला तर विजेचे बटण चालू-बंद करायचे नाही आणि दारे-खिडक्या उघडायच्या, हे मात्र दोघांनाही लागू.

सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर गेलेल्या घरांत आणखी एक गोष्ट पाहिली असेल. गॅस जोडणारा कारागीर शेगडीचे बर्नर उघडतो आणि आतले जेट बदलतो, बारीक भोकाच्या जागी मोठ्या भोकाचे बसवतो. का? तुलना करू. एक किलो मिथेन जाळला तर सुमारे ५० मेगाज्यूल उष्णता मिळते, एक किलो सिलिंडरच्या गॅसपासून सुमारे ४६. वजनावर मिथेन सरस. पण शेगडी वायू वजनावर घेत नाही, आकारमानावर घेते. समान तापमानाला व दाबाला एक घनमीटर मिथेन सुमारे ३६ मेगाज्यूल देतो आणि एक घनमीटर प्रोपेन सुमारे ९०. आकारमानावर सिलिंडरचा गॅस अडीचपट सरस. तेच दोन वायू, तेच जळणे, पण ‘समान काय धरले’ यावर निकाल उलटला. यात कोणतेही उत्तर खोटे नाही, अट न सांगता दिले तर मात्र दोन्ही दिशाभूल करतात.

विहिरीची गोष्ट याहून गंभीर आहे. बंद पडलेल्या, पालापाचोळा कुजलेल्या विहिरीत कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि हवेच्या दीडपट जड असल्याने तळाशी साचतो. गाळ काढायला उतरलेला माणूस कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उडी टाकतो आणि दोघेही जातात. अशा बातम्या आपल्याकडे वारंवार येतात. पेटता कंदील आत सोडून पाहण्याची जुनी रीत ऑक्सिजन कमी पडला की ज्योत विझते एवढेच सांगते. गटारात आणि मलटाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याची खबर कंदील देत नाही, आणि मिथेन असेल तर कंदीलच घात करतो. म्हणून वायुमापक आणि हवा खेळती करणारा पंखा लागतोच.

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. जड वायू खाली बसतो म्हणजे वातावरणात कार्बन डायऑक्साइडचा थर तळाशी आणि नायट्रोजन वर, असे होत नाही. एकदा मिसळलेले वायू वजनाप्रमाणे पुन्हा वेगळे होत नाहीत. वारा आणि रेणूंची धावपळ त्यांना मिसळतच ठेवते. धोका असतो तो वायू जिथे तयार होतो किंवा गळतो आणि हवा स्तब्ध असते, तिथे. म्हणजे ‘खाली बसतो’ या वाक्यालाही अट आहे.

कोणती अट समान?

आता हवामानबदलाकडे वळू. १८५६ साली अमेरिकेत आल्बनी इथल्या शास्त्रीय अधिवेशनात युनिस फूट या बाईंचा एक छोटा निबंध वाचला गेला. वाचला जोसेफ हेन्री यांनी. दोन सारख्या काचनळ्या, दोहोंत तापमापक, दोन्ही उन्हात. एकीत एक वायू, दुसरीत दुसरा. हायड्रोजन १०४ अंश फॅरनहाइटपर्यंत तापला, हवा १०६, ऑक्सिजन १०८ आणि कार्बन डायऑक्साइड १२५. वातावरणात हा वायू जास्त असेल तर पृथ्वी जास्त उबदार राहील, असा निष्कर्ष त्यांनी तिथेच मांडला. त्यांच्या उपकरणाला सूर्याची किरणे आणि तापलेल्या वस्तूंतून निघणारी अदृश्य उष्णता वेगळी करता येत नव्हती. ते काम १८५९पासून लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी केले. लांब नळी, टोकांना उष्णता आरपार जाऊ देणारे सैंधव मिठाचे तुकडे, आणि उष्णतामापकाच्या दुसऱ्या बाजूला समतोल राखणारा दुसरा उष्ण स्रोत. रेन्योच्या जुळ्या चंबूचीच ही दुसरी आवृत्ती. नायट्रोजन आणि ऑक्सिजन ही उष्णता जवळजवळ तशीच जाऊ देतात, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अडवतात, हे त्यांनी दाखवले. हवामानशास्त्राचा पाया या तुलनेवर आहे.

त्या पायावरच्या आजच्या एका आकड्याकडे पाहू. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो? एका लेखात २८ सापडेल, दुसऱ्यात ८०. वाचक गोंधळतो, आणि कोणी म्हणतो की शास्त्रज्ञांचेच एकमत नाही. दोन्ही आकडे बरोबर आहेत. समान वजनाचे दोन वायू घेऊन शंभर वर्षांचा हिशेब केला तर सुमारे २८, वीस वर्षांचा केला तर सुमारे ८०. मिथेन हवेत काही वर्षांतच मोडतो, कार्बन डायऑक्साइड दीर्घकाळ राहतो, म्हणून मुदत वाढवली की पट उतरते. आणि वजनाऐवजी रेणूंची संख्या समान धरली तर शंभर वर्षांसाठी २८चे सुमारे १० होतात, कारण तेवढ्याच वजनात मिथेनचे रेणू पावणेतीनपट जास्त असतात.

अट बदलली की आकडा बदलतो, याचे आणखी जवळचे उदाहरण पाठ्यपुस्तकातच आहे. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९८२ मध्ये प्रमाण दाब एक वातावरणाऐवजी एक बार ठरवला. त्यामुळे शून्य अंशाला एका मोलचे आकारमान २२.४१ लिटरचे २२.७१ झाले. वायू बदलले नाहीत, ठराव बदलला. म्हणूनच पाइपच्या गॅसच्या बिलावरचे घनमीटरसुद्धा ‘प्रमाण घनमीटर’ असतात, १५ अंश तापमान आणि एक वातावरण दाब धरून काढलेले.

तेव्हा माझे निदान स्पष्ट आहे. अट न सांगता केलेली तुलना म्हणजे मत, अट सांगून केलेली तुलना म्हणजे ज्ञान. अट जितकी घट्ट, तितका उरलेला फरक मोलाचा. रॅलेंच्या तराजूवर तो ११ मिलिग्रॅमचा होता आणि त्यातून आवर्त सारणीत एक अख्खा नवा गट उभा राहिला.

इथे शिक्षक आहेत, पत्रकार आहेत, पालक आहेत, म्हणून तिघांना एकेक विनंती करतो. शिक्षकांनी प्रयोगवहीतल्या प्रत्येक वायूच्या आकड्यापुढे तापमान आणि दाब लिहून घ्यावा, आणि दोन वाचने जुळली नाहीत तर विद्यार्थ्याला ती जुळवून लिहायला कधीही लावू नये. पत्रकारांनी इंधन किंवा प्रदूषण यांची तुलना छापताना ती वजनावर आहे की आकारमानावर, आणि किती वर्षांसाठी, हे त्याच वाक्यात छापावे. आणि पालकांनी आपल्या घरातला गॅस हवेपेक्षा जड आहे की हलका, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे, आणि झरोका त्याप्रमाणे आहे की नाही हे आजच पाहावे.